कोरियन आणि युक्रेनियन भाषांची तुलना : व्याकरण, लिपी आणि राज्यकर्त्यांची भाषा

उभयान्वयी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कोरियन आणि युक्रेनियन या भाषांमध्ये कुळाचे कसलेही नाते नाही. युक्रेनियन ही स्लाव्ह शाखेच्या पूर्व गटातली, म्हणजे बेलारूसी आणि रशियन यांची बहीण, आणि भारत-युरोपीय कुळामुळे फार दूरच्या नात्याने मराठीचीही आप्त. कोरियनला मात्र जेजू बेटावरची भाषा सोडली तर सर्वांना मान्य होईल असा एकही नातलग सापडलेला नाही. तरीही या दोघी शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला मनापासून वाटते, कारण मराठी भाषकाला त्या अगदी वेगवेगळ्या दारांनी ओळखीच्या होतात, आणि दोघींवर १९३० च्या दशकात सरकारी घाला पडला असला तरी तो घालण्याची रीत एकसारखी नव्हती. ती रीत वेगळी का झाली याचे उत्तर मला त्या भाषा आपल्या राज्यकर्त्यांच्या भाषेपासून किती दूर होत्या यात दिसते.

आधी व्याकरण. कोरियन वाक्य मराठीच्याच क्रमाने चालते. कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. नामाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मागून लागतात. याहून अधिक जवळीक संयुक्त क्रियापदांत आहे. आपण 'खाऊन बघ' म्हणतो तिथे कोरियन माणूस 'मॉगॉ बोदा' म्हणतो, आणि त्यातल्या 'बोदा' या क्रियापदाचा स्वतंत्र अर्थ बघणे असाच आहे. 'खाऊन टाकणे' म्हणजे 'मॉगॉ बॉरिदा', आणि 'बॉरिदा' म्हणजे टाकून देणे. 'लिहून देणे' यातले देणे आणि 'लिहून ठेवणे' यातले ठेवणेही तिकडे त्याच कामाला लावलेले असते. कुळ वेगळे, भूगोल वेगळा, आणि तरी दोन्ही भाषांनी कृतीला छटा देण्यासाठी हीच चार क्रियापदे निवडावीत, हे मला पहिल्यांदा लक्षात आले तेव्हापासून आजतागायत विलक्षण वाटत आले आहे.

युक्रेनियन हेच काम उपसर्गाने करते. 'चिताती' म्हणजे वाचणे, वाचत असणे. 'प्रोचिताती' म्हणजे वाचून पुरे करणे. जवळजवळ प्रत्येक क्रियापदाची अशी अपूर्ण आणि पूर्ण जोडी असते आणि बोलताना दरवेळी त्यांतून निवड करावीच लागते. मराठीत 'वाचले' आणि 'वाचून काढले' यांतला पर्याय मोकळा असतो, तिथे तो बंधनकारक आहे, आणि शिकणाऱ्याची बरीचशी दमछाक इथेच होते.

भूतकाळात मात्र युक्रेनियन आपल्याला एकदम घरची वाटते. 'विन चिताव, वोना चिताला, वोनो चितालो' म्हणजे त्याने, तिने आणि नपुंसकलिंगी 'त्या'ने वाचले. आपल्या 'तो गेला, ती गेली, ते गेले' याप्रमाणे तिथेही भूतकाळी क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते, कारण दोन्हीकडे मुळात ते धातुसाधित विशेषण होते. वर्तमानकाळात ती लिंग पाहत नाही, आपण मात्र 'वाचतो' आणि 'वाचते' असा भेद तिथेही करतो. कोरियनमध्ये व्याकरणिक लिंग ही कल्पनाच नाही.

एक रचना अशी आहे की जिच्यात मराठी दोघींच्या बरोबर मध्ये उभी राहते. 'मी काल वाचलेले पुस्तक' ही आपली रचना कोरियनमध्ये शब्दाला शब्द लावून जमते: 'नेगा ऑजे इल्गन छेक'. युक्रेनियनला मात्र संबंधी सर्वनाम घेऊन नवे उपवाक्य उघडावे लागते, 'क्निझ्का, याकू या व्चोरा प्रोचिताला', म्हणजे 'पुस्तक, जे मी काल वाचले'. 'जे पुस्तक मी काल वाचले ते' अशी रचनाही मराठीत आहेच, आणि आपला 'जो' व त्यांचा 'याकी' हे एकाच प्राचीन संबंधी सर्वनामापासून निघालेले आहेत. एक रचना वारशाने आलेली आणि दुसरी कोरियनशी जुळणारी, अशा दोन्ही आपण रोज वापरतो.

याच कारणाने परक्यांनी केलेल्या 'कठीण भाषां'च्या याद्या मला आपल्यासाठी निरुपयोगी वाटतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकासाठी युक्रेनियनला साधारण ११०० तास आणि कोरियनला २२०० तास धरते. मराठी माणसाला कोरियन वाक्यरचनेसाठी मुळीच झगडावे लागत नाही, आणि युक्रेनियनच्या सात विभक्ती शाळेतल्या संस्कृतने ओळखीच्या झालेल्या असतात. कोरियनमध्ये वेळ खातो तो शब्दसंग्रह, कारण तिथे टेकायला ओळखीचा शब्द सापडत नाही. युक्रेनियनमध्ये 'द्वा', 'त्री', 'ब्रात', 'द्वेरी', 'मेद', 'नेबो' हे शब्द दोन, तीन, भ्राता, द्वार, मधु आणि नभ यांची आठवण लगेच करून देतात.

लिपीबद्दल थोडे लिहून थांबते. कोरियन लिपी, म्हणजे हांगुल, राजा सेजोंगने १४४३ मध्ये सिद्ध केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. हिच्यातल्या मूळ व्यंजनांचे आकार उच्चारस्थानावरून घेतलेले आहेत, आणि कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग पाडण्याची जी पद्धत तिच्या मुळाशी आहे ती चिनी ध्वनिशास्त्रातून आली, ज्यावर बौद्ध पंडितांनी नेलेल्या संस्कृत वर्णविचाराचा प्रभाव होता. एकच अक्षर शब्दारंभी 'क' आणि दोन स्वरांमध्ये 'ग' असे उच्चारले जाते. 'कोगी', म्हणजे मांस, या शब्दातली दोन्ही व्यंजने लिहिताना एकच असतात. कोरियातल्या एका शहराचे नाव पुसान की बुसान हा वादही तिथूनच येतो. युक्रेनियनची सिरिलिक वर्णमाला ३३ अक्षरांची असून तिच्यातले 'ह' आणि 'ग' यांचे प्रकरण इतके महत्त्वाचे आहे की ते मी खाली स्वतंत्रपणे मांडेन. या दोन भाषांपैकी एकीशी तरी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आला आहे त्यांनी आवर्जून लिहावे.


दुभाष्या_रांजणगाव

धागा अतिशय आवडला. मी रांजणगाव औद्योगिक वसाहतीत कोरियन अधिकारी आणि मराठी कामगार यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करतो, त्यामुळे आदरार्थाबद्दल थोडे लिहितो, कारण कोरियनचा कणा तिथे आहे असे माझे मत आहे.

मराठीत आदर दाखवायचा तर आपण अनेकवचन वापरतो आणि विषय संपतो. कोरियन भाषेत आदराचे दोन वेगळे धागे असतात आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र चालतात. ज्याच्याविषयी बोलायचे त्याचा आदर क्रियापदाच्या मधोमध 'शि' घालून दाखवतात, जसे 'ओदा' म्हणजे येणे आणि 'ओशिदा' म्हणजे येणे पण आदरार्थी. ज्याच्याशी बोलायचे त्याचा मान मात्र वाक्याच्या शेवटच्या प्रत्ययाने ठरतो. सकाळच्या सभेत 'म्निदा'ने संपणारी औपचारिक वाक्ये, एरवीच्या बोलण्यात 'यो', आणि बरोबरीच्या मित्राशी किंवा लहानाशी बोलताना यांपैकी काहीच नाही. म्हणजे लहान भावाशी आजोबांविषयी बोलताना एक धागा वर आणि दुसरा खाली, असे एकाच वाक्यात होते. 'आजोबा आले रे' या मराठी वाक्यात तेच घडते, कारण 'आले' आजोबांसाठी आणि 'रे' भावासाठी. पण आपल्याला 'रे' गाळता येतो, कोरियन माणसाला शेवटचा प्रत्यय गाळता येत नाही. श्रोत्याशी आपले नाते काय हे ठरवल्याशिवाय त्याला वाक्य पुरे करताच येत नाही.

वरिष्ठाला 'तुम्ही' म्हणता येईल असा निर्धोक शब्दही तिकडे नाही. तिथे हुद्दा म्हणायचा आणि त्याला 'निम' लावायचे, जसे 'पुजांगनिम' किंवा 'ग्वाजांगनिम'. आपल्याकडच्या 'साहेब', 'मॅडम', 'सर' यांचा वापर पाहिला तर मराठी कामगाराला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

युक्रेनियनमध्ये आदरार्थाची व्यवस्था कशी आहे, हे कुणी सांगेल काय?


सेरेतकाठ

मी सांगू शकेन. माझे वैद्यकीय शिक्षण पश्चिम युक्रेनमधील तेर्नोपिल येथे झाले. शिकवण्याची भाषा इंग्रजी होती, पण रुग्णाला दुखणे विचारायचे तर युक्रेनियन आल्यावाचून गत्यंतर नव्हते. पूर्वेकडच्या शहरांत शिकलेल्या माझ्या मराठी मित्रांना त्या काळी रशियन शिकावी लागत असे, आणि एकाच देशातून परतलेले आम्ही लोक दोन वेगळ्या भाषा घेऊन परतलो, हे इथल्या अनेकांना अजूनही ठाऊक नसते.

दुभाष्या, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. वरवर पाहता तिथे 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही एवढीच व्यवस्था आहे. पण खेड्यांतून आलेले वयस्क रुग्ण आपल्या आईवडिलांविषयी बोलताना 'मामा काझाली', 'तातो पिश्ली' असे म्हणत, आणि ही क्रियापदे अनेकवचनी आहेत. ती आपल्या 'बाबा म्हणाले', 'बाबा गेले' यांच्याशी तंतोतंत जुळतात. समोर नसलेल्या माणसासाठी आदरार्थी अनेकवचन वापरण्याची ही पद्धत शहरी बोलण्यातून ओसरत चालली असली तरी गावांत जिवंत आहे. फरक असा की मराठी घरांत वडिलांना अनेकवचन आणि आईला बहुधा एकवचन असते, तर तिथे आईलाही अनेकवचनच मिळते.

संबोधन विभक्तीचाही उल्लेख व्हायला हवा. युक्रेनियनमध्ये ती पूर्णपणे चालू आहे: आईला हाक मारताना 'मामो', मित्राला 'द्रुझे', ओलेना नावाच्या मुलीला 'ओलेनो'. रशियनने ती थोड्याशा अवशेषांपुरती ठेवली आहे. 'मित्रा', 'मुलांनो' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ती जन्मजात समजते.

आता थोडे गंभीर. तिथे 'सुर्झिक' नावाची एक मिश्र बोली सर्रास ऐकू येते. युक्रेनियन व्याकरणात रशियन शब्द, रशियन वाक्यात युक्रेनियन उच्चार, असे तिचे स्वरूप असते आणि मध्य युक्रेनमध्ये अनेक घरांची ती रोजची भाषा आहे. दोन भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ असल्यामुळेच बोलणाऱ्याला आपण सीमा कधी ओलांडली हे कळत नाही. माझे काही रुग्ण आपली भाषा 'शुद्ध नाही' म्हणून माझ्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यापुढेही संकोचत, आणि त्याचे मला तेव्हा फार वाईट वाटे.


शंकानिरसन

कोरियनला नातलग नाही असे धाग्यात म्हटले आहे. पण तमिळ आणि कोरियन यांमध्ये 'अम्मा', 'अप्पा' हे शब्द समान असल्याचे सतत वाचनात येते. शिवाय अयोध्येची राजकन्या कोरियात राणी होऊन गेल्याची कथाही आहे. याकडे कसे पाहावे?


उभयान्वयी

शंकानिरसन, आईवडिलांना हाक मारण्याचे शब्द मूल ओठांनी सहज काढू शकेल अशा ध्वनींतून जगभर स्वतंत्रपणे तयार झालेले आहेत, त्यामुळे नाते ठरवताना ते पुराव्यात धरत नाहीत. नाते सिद्ध करायचे तर ध्वनींची नियमित जुळणी शेकडो शब्दांत दाखवावी लागते, जशी संस्कृत आणि स्लाव्ह भाषांमध्ये दाखवता येते, आणि तशी तमिळ-कोरियनबाबत कुणी दाखवलेली नाही. तुर्की, मंगोल, मांचू या भाषांबरोबर कोरियनला एका कुळात बसवण्याचा प्रयत्नही दीर्घकाळ झाला, पण आज बहुसंख्य अभ्यासक त्याला मान्यता देत नाहीत. राजकन्येची कथा तेराव्या शतकातल्या एका कोरियन बखरवजा ग्रंथात येते; ती दोन देशांतल्या सौहार्दासाठी महत्त्वाची आहे, मात्र भाषेच्या नात्याचा पुरावा म्हणून तिचा उपयोग होत नाही.

रचना सारखी असणे म्हणजे कुळ एक असणे नव्हे, हे मी मराठी-कोरियन साम्याबद्दलही तितक्याच स्पष्टपणे म्हणते.

आता राहिलेले 'ह' आणि 'ग'. युक्रेनियनमध्ये आपल्या 'ह'सारखा घोष ध्वनी फार वापरात आहे, आणि रशियनमध्ये ज्या शब्दांत 'ग' येतो त्यांपैकी बहुतेकांत युक्रेनियन 'ह' उच्चारते. दोन्ही भाषा त्यासाठी एकच अक्षर वापरतात. पण युक्रेनियनमध्ये थोड्या शब्दांत खराखुरा 'ग'ही आहे आणि त्याच्यासाठी वरच्या टोकाला छोटा फाटा दिलेले वेगळे अक्षर आहे. 'ह्राती' म्हणजे खेळणे आणि 'ग्राती' म्हणजे खिडकीचे गज, असा अर्थभेद त्यावर अवलंबून आहे. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने हे अक्षर वर्णमालेतून काढून टाकले आणि ते १९९० मध्ये परत आले. वर्णमालेतले एक अक्षर काढण्यासाठी एखाद्या सरकारला शासननिर्णय का काढावासा वाटावा, हा माझ्या मते या धाग्यातला मध्यवर्ती प्रश्न आहे.


कोशवाचक

या प्रश्नावर सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण शब्दकोश आणि शुद्धलेखन यांचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय आहे.

युक्रेनियनवरील बंधने सोव्हिएत काळाच्या कितीतरी आधीची आहेत. १८६३ मध्ये रशियन साम्राज्याचे गृहमंत्री वालुयेव्ह यांनी एक गुप्त परिपत्रक काढून या भाषेतली धार्मिक, शैक्षणिक आणि सर्वसामान्यांसाठीची पुस्तके छापण्यास बंदी केली, आणि मुळात अशी वेगळी भाषाच नाही, ती रशियनचीच बिघडलेली बोली आहे, हे मत त्यात आधारासाठी घेतले. १८७६ मध्ये सम्राट दुसरा अलेक्झांडर जर्मनीतील एम्स येथे असताना त्याने याहून कडक फर्मान काढले. बाहेरून पुस्तके आणण्यास बंदी, भाषांतरांना बंदी, नाटकांना बंदी, एवढेच काय, संगीताच्या स्वरलिपीखाली युक्रेनियन गीताचे शब्द छापण्यासही बंदी. ललित साहित्याला परवानगीची वाट ठेवली, पण अट अशी की ते रशियन लेखननियमांप्रमाणेच छापले पाहिजे. ही अट मला बंदीपेक्षाही बोलकी वाटते. भाषा छापा, मात्र ती आमच्या भाषेसारखी दिसली पाहिजे, असा तिचा अर्थ होतो.

ही बंधने १९०५ च्या क्रांतीनंतर सैल झाली आणि १९०७ ते १९०९ या काळात बोरिस ह्रिन्चेन्को यांचा चार खंडांचा शब्दकोश कीव्हमध्ये छापला गेला. १९१७ च्या क्रांतीनंतरच्या पहिल्या दशकात युक्रेनियनला सरकारी प्रोत्साहनही मिळाले. १९२७ मध्ये खार्किव्ह येथे भरलेल्या परिषदेत ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या पश्चिम भागाची आणि रशियन साम्राज्यातल्या पूर्व भागाची लेखनपरंपरा एकत्र आणणारे नियम ठरले आणि १९२८ मध्ये सोव्हिएत युक्रेनचे शिक्षण कमिसार, म्हणजे शिक्षणमंत्री, मिकोला स्क्रिप्निक यांनी ते लागू केले. पाच वर्षांत सगळे उलटले. हे नियम 'राष्ट्रवादी' ठरवून रद्द झाले, ७ जुलै १९३३ रोजी स्क्रिप्निक यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि नव्या नियमांत ते 'ग'चे अक्षर गेले, परभाषिक शब्दांची रूपे रशियनच्या जवळ आणली गेली, काही विभक्तिरूपेही बदलली. पुढच्या काळात परिभाषा कोशांतून युक्रेनियन वळणाचे शब्द वगळून तिथे रशियनशी जुळणारे शब्द घालण्यात आले. खार्किव्हमध्ये शिकलेले आणि पुढे अमेरिकेत अध्यापन केलेले भाषाशास्त्रज्ञ युरी शेवेल्योव्ह यांनी यावर नेमके बोट ठेवले आहे: इतर राज्यकर्त्यांनी भाषेचा वापर बाहेरून रोखला होता, सोव्हिएत राजवट भाषेच्या अंतर्गत रचनेत शिरली.

आता याच काळातील कोरिया पाहू. १९१० मध्ये जपानने देश गिळंकृत केल्यावर शाळांत जपानी ही 'राष्ट्रभाषा' झाली. १९३८ मध्ये कोरियन विषय ऐच्छिक झाला आणि लवकरच शाळांतून नाहीसा झाला, १९४० मध्ये दोन मोठी कोरियन दैनिके बंद पाडली गेली, लोकांना जपानी पद्धतीची नावे घ्यायला लावली गेली. या सगळ्याच्या आतच कोरियन भाषा संस्थेने १९३३ मध्ये एकीकृत लेखननियम प्रसिद्ध केले. हे वर्ष पुन्हा वाचावे. खार्किव्हचे नियम ज्या वर्षी मोडले, त्याच वर्षी सोलमध्ये परकीय सत्तेखाली एका खासगी संस्थेने आपल्या भाषेचे नियम उभे केले, आणि आजचे उत्तर व दक्षिण दोन्ही कोरियांचे लेखन त्यांवरच आधारलेले आहे.

ऑक्टोबर १९४२ पासून या संस्थेच्या लोकांची धरपकड सुरू झाली. ३३ जणांवर आरोप ठेवण्यात आले. यी युन-जे आणि हान जिंग हे दोघे तुरुंगात मरण पावले. अनेक वर्षे खपून तयार केलेले शब्दकोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले आणि गहाळ झाले. स्वातंत्र्यानंतर, सप्टेंबर १९४५ मध्ये ते सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. पहिला खंड १९४७ मध्ये हांगुल दिनी, ९ ऑक्टोबरला, निघाला आणि सहावा १९५७ मध्ये. ज्यांनी कोशाचे काम जवळून पाहिले आहे त्यांना गोदामातल्या त्या कागदांचे मोल वेगळे सांगायला नको.

यावरून उभयान्वयींच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. कोरियन जपानीपासून इतकी वेगळी होती की तिला आतून वळवून जपानी करणे शक्य नव्हते. तिला फक्त हटवता येत होते. युक्रेनियन रशियनच्या इतकी जवळ होती की एकेक अक्षर, एकेक प्रत्यय, एकेक शब्द बदलत तिला हळूहळू विरघळवता येईल असे राज्यकर्त्यांना वाटले. म्हणून स्वातंत्र्यानंतर कोरियनला आपली जागा परत घ्यायची होती, आणि युक्रेनियनला जागेबरोबर स्वतःचे रूपही शोधायचे होते. २०१९ चे युक्रेनियन लेखननियम १९२८ च्या काही रूपांना पुन्हा मान्यता देतात, ती याच शोधाची पुढची पायरी आहे.


वर्णसंकेत

कोशवाचक यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यांच्या निष्कर्षातला कोरियनचा भाग मला पुरेसा सावध वाटत नाही. दोन मुद्दे मांडतो.

पहिला असा की भाषा जवळची असल्याचा दावा जपाननेही केला होता. कानाझावा शोझाबुरो या विद्वानाने नेमक्या १९१० मध्ये जपानी आणि कोरियन यांचे मूळ एकच असून कोरियन ही जपानीची शाखा असल्याचे प्रतिपादन केले, आणि विलीनीकरणाचे समर्थन करणाऱ्यांना ते अत्यंत सोयीचे ठरले. वालुयेव्हच्या परिपत्रकाशी याचे साम्य स्पष्ट आहे. याचा अर्थ प्रत्यक्ष अंतर किती आहे यापेक्षा राज्यकर्ता ते किती आहे असे सांगतो, यालाही वजन असते.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. कोरियनच्या शब्दसंग्रहात चिनी मूळ असलेल्या शब्दांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यांतले आधुनिक ज्ञानव्यवहाराचे असंख्य शब्द एकोणिसाव्या शतकात जपानी लेखकांनी चिनी अक्षरे जोडून घडवलेले आहेत. विज्ञान, तत्त्वज्ञान, समाज या अर्थांचे 'ग्वाहाक', 'छॉर्हाक', 'साहवे' हे शब्द आज कोणत्याही कोरियन पाठ्यपुस्तकात आढळतात. स्वातंत्र्यानंतर भाषाशुद्धीची मोठी मोहीम झाली, डब्यासाठीचा जपानी 'बेंतो' जाऊन 'तोशिराक' आला, पण हे शब्द राहिले, कारण त्यांचा उच्चार कोरियन असल्यामुळे ते परके वाटतच नाहीत. म्हणजे आतून प्रवेश कोरियनमध्येही झाला. तो प्रत्ययांतून झाला नाही, चिनी अक्षरांच्या सामायिक वारशातून झाला. आपल्याकडे नवी परिभाषा संस्कृतातून घडवली जाते आणि ती अनेक भारतीय भाषांत एकाच वेळी शिरते, त्याच्याशी ही प्रक्रिया पुष्कळ जुळते.


कोशवाचक

वर्णसंकेत, आपला दुसरा मुद्दा मोलाचा आहे आणि त्याने चित्र भरीव होते. एक भेद मात्र मी राखून ठेवेन. 'ग्वाहाक' हा शब्द आल्यामुळे कोरियनचा एखादा जुना शब्द किंवा प्रत्यय चुकीचा ठरला नाही, ती एका नव्या संकल्पनेसाठी झालेली भर होती. १९३३ नंतरच्या युक्रेनमध्ये आधीपासून वापरात असलेली रूपे अपराध ठरली आणि ती वापरणाऱ्या कोशकारांना व अभ्यासकांना अटक, छळछावणी आणि मृत्यू यांना तोंड द्यावे लागले. उसना शब्द आणि खोडलेला शब्द यांना मी एकाच रकान्यात लिहिणार नाही.


सेरेतकाठ

एक प्रश्न विचारतो. मिकोलायिव्ह आणि खेर्सोन भागांत कलिंगड आणि कांदा पिकवणारी कोरियन वंशाची कुटुंबे असल्याचे मी तिथे असताना ऐकले होते. युद्धाच्या काळात मिकोलायिव्ह प्रांताचे प्रमुख म्हणून विताली किम यांचे नाव तर सर्वांनीच ऐकले. या दोन भाषा प्रत्यक्षात एकमेकींना कधी, कुठे भेटल्या?


उभयान्वयी

सेरेतकाठ, त्या भेटीची जागा युक्रेनपासून फार दूर, प्रशांत महासागराच्या काठी आहे. १८६० च्या दशकापासून कोरियाच्या उत्तरेकडील हाम्ग्योंग भागातले शेतकरी सीमा ओलांडून रशियाच्या अतिपूर्व प्रदेशात वसू लागले. १८८३ पासून ओदेसा बंदरातून निघणाऱ्या जहाजांनी युक्रेनियन शेतकरी व्लादिवोस्तोकला येऊ लागले, आणि त्या प्रदेशाला ते आपल्या भाषेत 'झेलेनी क्लिन', म्हणजे हिरवा पट्टा, म्हणत. दोन्ही समाजांची गावे एकाच मुलखात होती.

१९२० च्या दशकात तिथे कोरियन शाळा उघडल्या, १९२३ मध्ये 'सोनबोंग' हे कोरियन वृत्तपत्र निघाले, १९३१ मध्ये व्लादिवोस्तोकला कोरियन अध्यापन संस्था झाली. युक्रेनियन शाळांनाही १९३० च्या सुमारास थोड्या काळासाठी वाव मिळाला. मग डिसेंबर १९३२ मध्ये मॉस्कोतून निघालेल्या आदेशाने युक्रेनबाहेरचे युक्रेनीकरण, म्हणजे युक्रेनियन भाषेला दिलेले सरकारी प्रोत्साहन, थांबवले गेले आणि त्यात अतिपूर्व प्रदेशही आला. १९३७ च्या शरद ऋतूत तिथल्या सुमारे १,७२,००० कोरियन लोकांना मालगाड्यांत घालून कझाकस्तान आणि उझबेकिस्तान येथे हलवण्यात आले, आणि १९३८ पासून त्यांच्या शाळांचे माध्यम रशियन झाले. युक्रेनच्या दक्षिणेत पिके घ्यायला गेलेली कुटुंबे बहुतांशी या हद्दपार झालेल्यांचे वंशज आहेत. २००१ च्या जनगणनेत युक्रेनमध्ये सुमारे १२,७०० कोरियन नोंदले गेले आणि त्यांतल्या बहुसंख्यांनी मातृभाषा म्हणून रशियन सांगितली.

कोशवाचक यांच्या मांडणीची ही एक कठोर परीक्षा आहे असे मला वाटते. इथे दाबणारी भाषा एकच होती, रशियन. युक्रेनियनला ती बहीण आणि कोरियनला पूर्ण परकी. अंतर इतके वेगळे असूनही दोन-तीन पिढ्यांत दोन्ही घरांतली मुले रशियनच बोलू लागली. सोलमध्ये आणि कीव्हमध्ये भाषेमागे छापखाने, कोशकार, शिक्षक आणि शेवटी आपले स्वतःचे राज्य उभे राहिले. या वसाहतींत यांपैकी जे होते ते शाळांबरोबर गेले. अंतराने दाबण्याची रीत ठरते हे मला अजूनही मान्य आहे, पण भाषा टिकेल की नाही हे अंतरावरून सांगता येत नाही.

तिथेही एक फरक उरतोच आणि तो नोंदवायला हवा. कोरियन लोकांना त्यांचे वृत्तपत्र १९३८ मध्ये कझाकस्तानातील किझिलोर्दा येथून 'लेनिन किची' या नावाने पुन्हा काढू दिले गेले, आणि 'कोर्यो इल्बो' हे नाव घेऊन ते आजही निघते. अतिपूर्वेत राहिलेल्या युक्रेनियन लोकांना त्यांच्या भाषेतले असे वृत्तपत्र त्या काळी मिळाले नाही, कारण अधिकृत दृष्टीने त्यांना रशियन समजतच होती.